ध्वनियंत्रांतील ऑप-अ‍ॅम्प चिपची निवड आणि बदल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुने प्रीअ‍ॅम्प, मिक्सर, रेकॉर्ड प्लेअरचे फोनो स्टेज आणि घरी जोडलेले अ‍ॅम्प्लिफायर सांभाळणाऱ्या पुण्यातील श्रोत्यांकडून आणि हौशी कारागिरांकडून ऑप-अ‍ॅम्प चिप बदलण्याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. सोल्डरिंग आयर्न आणि मल्टिमीटर हाताळण्याची सवय असलेल्या वाचकासाठी ती लिहिली आहेत.

ऑप-अ‍ॅम्प म्हणजे नेमके काय, आणि यंत्रात ती चिप कोठे असते?

ऑप-अ‍ॅम्प, म्हणजे ऑपरेशनल अ‍ॅम्प्लिफायर, हा एका चिपमध्ये सामावलेला, अतिशय मोठ्या गेनचा (सिग्नल वाढवण्याच्या पटीचा) अ‍ॅम्प्लिफायर असतो. आपल्या दोन इनपुटांमधील व्होल्टेजचा फरक तो लाखभर पटींनी वाढवू शकतो. परंतु प्रत्यक्ष सर्किटमध्ये आउटपुटचा काही भाग रेझिस्टरांमार्फत उलट्या इनपुटकडे परत नेलेला असतो (यालाच फीडबॅक म्हणतात) आणि त्यामुळे एकूण गेन किती राहील हे चिप ठरवत नाही, तर ते रेझिस्टर ठरवतात. ही गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

फेअरचाइल्डची ७४१ ही चिप १९६८ साली आली. वापरायला ती सोपी होती, पण ध्वनीसाठी संथ होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएल०७२ आणि सिग्नेटिक्सची एनई५५३२ आली, तेव्हा ध्वनियंत्रांचे चित्र पालटले, आणि आजही मिक्सर उघडला की बहुधा याच दोन किंवा त्यांच्यासोबत ४५५८ ही चिप दिसते. इनपुट, टोन कंट्रोल, फिल्टर, डॅकचे (डिजिटल सिग्नल अ‍ॅनालॉग करणाऱ्या भागाचे) आउटपुट आणि हेडफोनचा विभाग या त्यांच्या नेहमीच्या जागा आहेत. स्पीकर चालवणारा शेवटचा पॉवर विभाग सहसा वेगळा असतो.

चांगली चिप लावली की आवाज सुधारतो, हे खरे आहे का?

काही ठिकाणी खरे आहे. बहुतेक ठिकाणी नाही. ज्या जागी ७४१ किंवा एलएम३५८ बसवलेली आहे, तेथे बदल कानाला कळतो. एलएम३५८ ही स्वस्त आणि बहुगुणी चिप असली, तरी तिच्या आउटपुटमध्ये सिग्नल धन बाजूकडून ऋण बाजूकडे जाताना क्रॉसओव्हर विकृती निर्माण होते, आणि ती हळू आवाजात अधिक टोचते. मायक्रोफोन किंवा रेकॉर्ड प्लेअरचा अगदी क्षीण सिग्नल शेकडो पटींनी वाढवणाऱ्या पहिल्या टप्प्यातही योग्य चिपमुळे ‘सूं’ असा पार्श्वभूमीचा आवाज कमी होऊ शकतो. तसेच एखादी चिप तिच्या कुवतीपेक्षा जड भार ओढत असेल, तर अधिक प्रवाह देणारी चिप उपयोगी पडते.

मात्र जेथे एनई५५३२ नीट योजून बसवलेली आहे, तेथे दहापट महाग चिप लावून फारसे काही हाती लागत नाही. या चिपची विकृती टक्क्याच्या हजाराव्या भागाच्या आसपास असते, तर चांगल्या स्पीकरची विकृतीही टक्क्याच्या दशांशात मोजावी लागते. चिप बदलण्याचा आनंद मी नाकारत नाही, पण यंत्रात एकच सुधारणा करण्याइतके पैसे असतील, तर ते स्पीकरवर आणि खोलीवर खर्च करावेत असे माझे ठाम मत आहे.

मग चिप बदलण्याआधी काय तपासावे?

या प्रश्नाचे उत्तर मुद्दाम सविस्तर देत आहे, कारण ‘चिप गेली’ म्हणून आलेल्या यंत्रांमध्ये दोष फार वेळा दुसरीकडेच निघतो.

पहिला संशय व्हॉल्यूम आणि टोनच्या कंट्रोलवर घ्यावा. पुण्यात पावसाळ्याचे चार महिने हवा दमट असते, आणि अनंत चतुर्दशीनंतर गोदामात गेलेला मंडळाचा मिक्सर पुढच्या वर्षी श्रावणातच बाहेर निघतो. एवढ्या काळात कंट्रोलच्या कार्बनपट्टीवर, जॅकच्या पानांवर आणि रिबन केबलच्या टोकांवर थर चढतो. खरखर येणे, एक बाजू मधूनच बंद होणे, आवाज दबका येणे ही सगळी त्याची लक्षणे आहेत. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून कंट्रोल वीस-पंचवीस वेळा पूर्ण फिरवल्यावर अनेक यंत्रे पूर्ववत होतात.

दुसरा संशय इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर घ्यावा. ऑप-अ‍ॅम्पच्या फीडबॅकमधील जो रेझिस्टर ग्राउंडकडे जातो, त्याच्याशी ओळीने जोडलेला १० ते १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर कालांतराने सुकतो. मग खर्जातला गेन घटतो आणि आवाज पातळ वाटू लागतो. श्रोता म्हणतो की चिपमध्ये दम राहिला नाही, आणि प्रत्यक्षात काही रुपयांचा कपॅसिटर बदलण्याची गरज असते. पुरवठ्याच्या फिल्टर कपॅसिटरचीही तीच गत होते, आणि तेव्हा १०० हर्ट्झची घुमघुम ऐकू येते.

तिसरी गोष्ट ग्राउंडिंगची. पेठांमधील जुन्या वाड्यांत आणि इमारतींत अजूनही अशी सॉकेटे आढळतात, जेथे तिसरी पिन असते पण तिच्यामागे अर्थिंग नसते. त्यामुळे येणारा ५० हर्ट्झचा हम जगातल्या कोणत्याही चिपने जाणार नाही. त्यासाठी वायरमनला बोलवावे. एवढे करूनही दोष राहिला, तर चिपच्या पायांवर मल्टिमीटर लावावा: पुरवठ्याचे दोन्ही व्होल्टेज समसमान आहेत का, आणि आउटपुटच्या पायावर ग्राउंडच्या तुलनेत काही मिलिव्होल्टांपेक्षा जास्त डीसी आहे का, हे पाहावे. दुहेरी पुरवठ्याच्या (धन आणि ऋण असे दोन व्होल्टेज असलेल्या) सर्किटमध्ये आउटपुट एका टोकाला चिकटून बसले असेल आणि भोवतालचे रेझिस्टर शाबूत असतील, तर चिप खरोखर गेली आहे.

डेटाशीटमधील कोणते आकडे महत्त्वाचे असतात?

ध्वनीच्या कामात चार गोष्टींकडे लक्ष द्यावे: नॉइज (चिपचा स्वतःचा पार्श्वभूमीचा आवाज), इनपुटचा बायस करंट (इनपुटला सतत लागणारा अल्प प्रवाह), स्लू रेट आणि पुरवठ्याच्या मर्यादा. यांपैकी नॉइजबाबत सर्वाधिक गैरसमज आहेत, म्हणून तेथे थोडे थांबू.

चिपचा व्होल्टेज नॉइज नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ या एककात दिलेला असतो. टीएल०७२ साठी तो सुमारे १८, ओपीए२१३४ साठी ८, एनई५५३२ साठी ५, एलएम४५६२ साठी २.७ आणि ओपीए१६१२ साठी १.१ आहे. यावरून शेवटची चिप सर्वांत शांत असा निष्कर्ष काढला जातो, आणि तो अपुरा आहे. रेझिस्टरही स्वतःचा नॉइज निर्माण करतो: खोलीच्या तापमानाला १ किलोओहमचा रेझिस्टर सुमारे ४ नॅनोव्होल्ट, १० किलोओहमचा जवळजवळ १३ आणि १०० किलोओहमचा ४० नॅनोव्होल्ट. शिवाय प्रत्येक चिपला करंट नॉइज असतो, जो सिग्नलच्या उगमाच्या रोधातून वाहताना पुन्हा व्होल्टेज होतो. ओपीए१६१२ चा करंट नॉइज १.७ पिकोअँपिअर, तर एनई५५३२ चा ०.७ आहे. उगमाचा रोध १० किलोओहम धरून तिन्ही घटकांच्या वर्गांची बेरीज केली आणि तिचे वर्गमूळ काढले, तर एनई५५३२ चा एकूण नॉइज सुमारे १५ नॅनोव्होल्ट येतो आणि ओपीए१६१२ चा सुमारे २१. म्हणजे कागदावर पाचपट शांत असलेली, कितीतरी महाग चिप त्या जागी अधिक गोंगाट करते. तीच चिप १०० ओहमच्या उगमापुढे मात्र अप्रतिम काम करते.

स्लू रेट म्हणजे आउटपुट किती वेगाने चढू-उतरू शकते याची मर्यादा. २० किलोहर्ट्झच्या, १० व्होल्ट शिखराच्या सिग्नलसाठी ती १.२६ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद पुरते. ७४१ ची मर्यादा ०.५ आहे, म्हणून ती येथे कमी पडते. एनई५५३२ ची ९ आणि टीएल०७२ ची १३ आहे, म्हणजे दोन्ही गरजेच्या कितीतरी पुढे आहेत. यापलीकडचे आकडे जाहिरातीत चांगले दिसतात, पण कानापर्यंत पोहोचत नाहीत.

टीएल०७२ काढून एनई५५३२ लावावी का?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे. पायांची मांडणी सारखी असल्याने चिप बसते, पण ती बसली म्हणजे जमली असे नाही.

टीएल०७२ च्या इनपुटला जेएफईटी प्रकारचे ट्रान्झिस्टर असतात आणि त्यांना लागणारा बायस करंट पिकोअँपिअरमध्ये मोजावा इतका नगण्य असतो. एनई५५३२ ला साधारण २०० नॅनोअँपिअर लागतो. हा करंट १०० किलोओहमच्या व्हॉल्यूम कंट्रोलमधून थेट वाहू लागला, तर तेथे २० मिलिव्होल्ट डीसी उभा राहतो, आणि कंट्रोल फिरवताना तो बदलत गेल्याने पूर्वी शांत असलेला कंट्रोल खरखरू लागतो. हार्मोनियमला चिकटवलेल्या पिझो पिकअपचा किंवा गिटारचा इनपुट १ मेगाओहमचा असतो. तेथे हाच हिशेब २०० मिलिव्होल्टवर जातो आणि पुढचा टप्पा बिघडतो. एनई५५३२ च्या दोन इनपुटांमध्ये एकमेकांविरुद्ध जोडलेले दोन डायोडही असतात, त्यामुळे लेव्हल मीटरसारख्या ज्या सर्किटमध्ये दोन्ही इनपुटांत मोठा फरक राहणे अपेक्षित असते, तेथे ती चालत नाही.

याउलट सर्किटमधील रेझिस्टर १० किलोओहम किंवा त्याहून कमी असतील, चिपच्या आधी डीसी अडवणारा कपलिंग कपॅसिटर असेल आणि पुढे लांब केबल किंवा ६०० ओहमचा भार असेल, तर हा बदल अवश्य करावा. अशा भाराखाली टीएल०७२ ची दमछाक होते आणि एनई५५३२ मुळात त्याच कामासाठी घडवलेली आहे. उच्च रोधाच्या जागी टीएल०७२ पेक्षा शांत काही हवे असेल, तर ओपीए२१३४ ही जेएफईटी इनपुटची चिप घ्यावी.

बाजारातील तयार बास-ट्रेबल बोर्डावर ४५५८ असते. ती बदलावी का?

तिचा स्लू रेट १.७ च्या आसपास आहे, आणि २ व्होल्टच्या लाइन सिग्नलला ०.३६ पुरतो, म्हणून केवळ वेगासाठी बदलू नये. ‘सूं’ आवाज खटकत असेल तर एनई५५३२ लावून पाहण्यास हरकत नाही. मात्र अशा बोर्डांवर पुरवठ्याचे फिल्टरिंग बहुधा तोकडे असते, आणि आधी ते सुधारल्यास फायदा अधिक होतो.

सर्वांत वेगवान चिप लावण्यात तोटा काय?

तोटा मोठा आहे, आणि तो कानाला थेट ऐकू येत नसल्यामुळे अधिक घातक आहे. टीएल०७२ ची गेन-बँडविड्थ (गेन आणि वारंवारता यांचा गुणाकार, म्हणजे चिपच्या वेगाचे माप) ३ मेगाहर्ट्झ, एनई५५३२ ची १० आणि एलएम४५६२ ची ५५ मेगाहर्ट्झ आहे. चिप जितकी वेगवान, तितकी ती पीसीबीवरील लांब ट्रॅक, दूर असलेला डिकपलिंग (पुरवठा चिपपाशी स्थिर ठेवणारा) कपॅसिटर आणि आउटपुटवरील केबलची धारिता (कपॅसिटन्स) यांना अधिक हळवी असते. १९८० च्या दशकातील मिक्सरमध्ये अनेकदा आठ-दहा चिपसाठी बोर्डाच्या एका टोकाला एकच कपॅसिटर दिलेला असतो. संथ चिप ते खपवून घेते. वेगवान चिप मात्र तेथे काही मेगाहर्ट्झवर स्वतःच दोलन करू लागते, म्हणजे सिग्नल नसतानाही आउटपुट सतत वर-खाली हलवत राहते, तापते, आणि ऐकू येणाऱ्या सिग्नलमध्ये एक प्रकारचा धूसरपणा किंवा कर्कशपणा आणते. गंमत अशी की पुष्कळ श्रोते त्यालाच ‘अधिक तपशील’ समजतात.

वेगवान चिप लावायचीच असेल तर ८ आणि ४ या पुरवठ्याच्या पायांजवळ, काही मिलिमीटरच्या आत, १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर द्यावा. आउटपुट केबलकडे जात असेल तर मध्ये ४७ ते १०० ओहमचा रेझिस्टर घालावा, कारण शिल्डेड केबलची धारिता मीटरला १०० पिकोफॅरडच्या घरात असते. फीडबॅक रेझिस्टरला समांतर २२ ते ४७ पिकोफॅरडचा छोटा कपॅसिटर असेल तर तो काढू नये. नसेल तर द्यावा.

दोलन होत आहे हे ऑसिलोस्कोपशिवाय ओळखता येते का?

खात्रीने नाही. सिग्नल नसतानाही चिपला बोट लावून ठेवता येणार नाही इतकी ती तापत असेल, आउटपुटवर अनपेक्षित डीसी दिसत असेल, किंवा केबल जोडल्या-काढल्यावर पार्श्वभूमीचा आवाज बदलत असेल, तर संशय घ्यावा. एनई५५३२ मात्र दुहेरी १५ व्होल्टवर साधारण पाव वॅट उष्णता सोडते आणि कोमट लागते. तेवढ्यावरून घाबरू नये. संशय आल्यास स्कोप असलेल्या ओळखीच्या कारागिराकडे किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्याकडे जावे, आणि प्रोब दहापट स्थितीत ठेवून पाहावे, कारण एकपट स्थितीतील प्रोबच दोलन सुरू करू शकतो.

एनई५५३२ आणि एनई५५३४ एकच आहेत का?

नाहीत. एनई५५३२ मध्ये दोन अ‍ॅम्प्लिफायर असतात, तर एनई५५३४ मध्ये एक. शिवाय एनई५५३४ तीन किंवा त्याहून अधिक गेनला स्थिर राहते. गेन एक असलेल्या जागी तिच्या ५ आणि ८ या पायांमध्ये २२ पिकोफॅरडचा कपॅसिटर लागतो. ओपीए६२७ आणि ओपीए६३७ या जोडीतही असाच भेद आहे: दुसरी पाचपेक्षा कमी गेनला अस्थिर होते.

पायांची मांडणी सगळ्या चिपमध्ये सारखी असते का?

आठ पायांच्या दुहेरी चिपमध्ये जवळजवळ नेहमीच सारखी असते: १ आणि ७ आउटपुट, २ आणि ६ उलटे इनपुट, ३ आणि ५ सरळ इनपुट, ४ ऋण पुरवठा, ८ धन पुरवठा. एकेरी चिपमध्ये आउटपुट ६ वर आणि धन पुरवठा ७ वर असतो, म्हणून एकेरीच्या जागी दुहेरी चिप कधीही बसवू नये. चौदा पायांच्या चौहेरी चिपमध्ये धन पुरवठा ४ वर आणि ऋण ११ वर येतो. जपानी बनावटीच्या काही यंत्रांत एका ओळीत आठ पाय असलेली उभी चिप असते. तिच्या जागी साधी चिप लावायची तर अ‍ॅडॉप्टर लागेल. चिपची खाच किंवा ठिपका कोणत्या बाजूला आहे याचा फोटो काढूनच जुनी चिप काढावी.

पुरवठ्याबाबत काय सांभाळावे?

दोन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, कमाल व्होल्टेज. एनई५५३२ ला दुहेरी २२ व्होल्टपर्यंत सहन होते, टीएल०७२ आणि ओपीए२१३४ ला १८ पर्यंत, एलएम४५६२ १७ पर्यंत चालते, आणि एडी८६२० केवळ दुहेरी १३ व्होल्टपर्यंत. नेहमीच्या १५ व्होल्टच्या पुरवठ्यात शेवटची चिप लावली तर ती मर्यादेबाहेर जाते.

दुसरी, एकूण करंट. टीएल०७२ दोन्ही भाग मिळून सुमारे २.८ मिलिअँपिअर घेते, एनई५५३२ सुमारे ८. तीस चिपच्या मिक्सरमध्ये सगळ्या बदलल्या तर मागणी ८४ वरून २४० मिलिअँपिअरवर जाते. पुरवठा १५ व्होल्टवर स्थिर ठेवणाऱ्या ७८१५ रेग्युलेटरच्या आधी २२ व्होल्ट असतील, तर त्याच्यावरची उष्णता अर्ध्या वॅटवरून पावणेदोन वॅटच्या जवळ पोहोचते. हीटसिंक नसेल तर तो टिकणार नाही, आणि ट्रान्सफॉर्मरची क्षमताही पाहावी लागेल. मिक्सरमध्ये केवळ मायक्रोफोनचे पहिले टप्पे आणि मुख्य मिश्रणाचा टप्पा एवढ्याच चिप बदलाव्यात, बाकीच्या राहू द्याव्यात, असे मी नेहमी सुचवतो. नॉइजचा मोठा वाटा तेथेच निर्माण होतो.

रेकॉर्ड प्लेअर, मायक्रोफोन आणि हेडफोन यांसाठी कोणती चिप योग्य?

मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजचे (सुईबरोबर हलणाऱ्या चुंबकाने सिग्नल तयार करणाऱ्या पिकअपचे) इंडक्टन्स अर्ध्या हेन्रीच्या आसपास असते आणि उंच वारंवारतेला त्याचा रोध वाढत जातो. १० किलोहर्ट्झला, ४७ किलोओहमचा भार धरूनही, तो सुमारे २६ किलोओहम भरतो. म्हणून येथे करंट नॉइज कमी असलेली चिप हवी: एनई५५३२, एनई५५३४ किंवा ओपीए२१३४. एलएम४५६२ चा करंट नॉइज १.६ पिकोअँपिअर असल्याने ती या जागी मागे पडते, जरी तिचा व्होल्टेज नॉइज निम्माच असला तरी. कमी रोधाच्या डायनॅमिक मायक्रोफोनसाठी मात्र व्होल्टेज नॉइजच निर्णायक ठरतो, आणि तेथे एलएम४५६२ किंवा ओपीए१६१२ शोभते. ३२ ओहमचे हेडफोन थेट चालवण्यासाठी यांपैकी कोणतीही चिप न घेता ७० मिलिअँपिअर देणारी एनजेएम४५५६ घ्यावी.

पुण्यात या चिप कोठे मिळतात, आणि बनावट चिप कशी ओळखावी?

बुधवार पेठेतील तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाच्या आसपासची दुकाने हा नेहमीचा पत्ता आहे. ४५५८, टीएल०७२ आणि एनई५५३२ तेथे सहज मिळतात. महागड्या चिपसाठी मात्र अधिकृत वितरकाकडूनच मागवणे शहाणपणाचे ठरते, कारण ज्या चिपला नाव आणि किंमत आहे तिचीच नक्कल होते. जुन्या किंवा स्वस्त चिपवरील अक्षरे घासून नवे क्रमांक छापलेले असतात. अशा चिपचा पृष्ठभाग कडेपेक्षा खरखरीत दिसतो, घडीव गोल खड्डा उथळ झालेला असतो आणि अ‍ॅसिटोनने पुसल्यास छपाई किंवा काळा लेप सुटतो. लेझरने कोरलेली अक्षरे म्हणजे अस्सलपणाचा पुरावा नव्हे.

अधिक विश्वसनीय कसोटी विजेची आहे. चिप सर्किटबाहेर काढून मल्टिमीटर डायोड स्थितीत ठेवावा आणि २ व ३ या पायांना लावावा: खरी एनई५५३२ दोन्ही दिशांनी सुमारे ०.६ ते ०.७ व्होल्ट दाखवते, कारण आत ते दोन डायोड असतात. टीएल०७२ किंवा ४५५८ वर छाप मारून दिलेली नक्कल तसे दाखवत नाही. त्यानंतर ब्रेडबोर्डवर दोन्ही भागांचे आउटपुट आपापल्या उलट्या इनपुटला आणि सरळ इनपुट ग्राउंडला जोडून, सिग्नलशिवाय पुरवठ्याचा करंट मोजावा. एनई५५३२ आणि ओपीए२१३४ साठी तो ८ मिलिअँपिअरच्या आसपास यायला हवा; तीनच्या जवळ आला तर चिप परत करावी.

सॉकेट लावावे का, आणि जुनी चिप कशी काढावी?

सुरुवातीला यंत्राचा प्लग काढून फिल्टर कपॅसिटर रेझिस्टरमार्फत रिकामे करावेत. जुनी चिप वाचवायची नसेल तर तिचे पाय कटरने अंगालगत कापावेत आणि मग एकेक पाय आयर्नने गरम करून चिमट्याने ओढावा. जुन्या यंत्रांतील तपकिरी फिनॉलिक पीसीबीवरचे ट्रॅक थोड्या जास्त उष्णतेनेही उचलले जातात, त्यामुळे संपूर्ण चिप एकदम उपटण्याचा प्रयत्न तेथे महागात पडतो. फ्लक्स लावून डिसोल्डर विकने भोके मोकळी करावीत आणि एका जागी तीन-चार सेकंदांहून अधिक आयर्न टेकवू नये.

घरातील स्थिर यंत्रात गोल पिनचे चांगले सॉकेट लावावे. पुढे पुन्हा बदल करणे सोपे जाते आणि पीसीबीला पुन्हा उष्णता सोसावी लागत नाही. विसर्जन मिरवणुकीत टेम्पोवर हादरे खाणाऱ्या यंत्रात मात्र चिप थेट सोल्डर करावी.

नवी चिप लावल्यापासून रेडिओ ऐकू येतो. असे का होते?

बायपोलर (साध्या ट्रान्झिस्टरच्या) इनपुटच्या चिप, म्हणजे एनई५५३२ सारख्या, जेएफईटी चिपपेक्षा रेडिओ लहरी अधिक सहजपणे पकडून त्यांचे ध्वनीत रूपांतर करतात. आकाशवाणी पुणे केंद्राचे ७९२ किलोहर्ट्झवरील मध्यम लहरींचे प्रसारण किंवा जवळच्या मोबाइलची टरटर अशा वेळी ऐकू येते. इनपुट जॅकपाशी १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडला आणि त्याच्या आधी काहीशे ओहमचा रेझिस्टर ओळीने द्यावा, तसेच केबलची शिल्ड जॅकपाशीच चॅसीला जोडली आहे का ते पाहावे.

फरक खरोखर ऐकू येतो की भास होतो, हे कसे ठरवावे?

आवाजाची स्मृती काही सेकंदच टिकते, म्हणून चिप बदलायला लागलेल्या अर्ध्या तासानंतर केलेली तुलना ग्राह्य धरता येत नाही. दोन यंत्रे शेजारी ठेवून तुलना करायची असेल तर १ किलोहर्ट्झच्या सुरावर दोन्हींचे आउटपुट ०.१ डेसिबलच्या आत, म्हणजे व्होल्टेजमध्ये साधारण एका टक्क्याच्या आत, जुळवावे. किंचित मोठा आवाज नेहमी अधिक चांगला वाटतो. एकच यंत्र असेल तर बदलाआधी आणि नंतर तेच ध्वनिमुद्रण चांगल्या ऑडिओ इंटरफेसवर नोंदवून घ्यावे, आणि दुसऱ्या व्यक्तीला ते अनियमित क्रमाने, नाव न सांगता लावायला सांगावे.

ऐकण्यासाठी माझी शिफारस विलंबित आलापाची आहे. तंबोऱ्याच्या जवारीत उंच स्वरांशांचे बारीक जाळे असते, आणि दोन आलापांमधल्या शांततेत तार विझत जाताना पार्श्वभूमीचा नॉइज आणि हळू आवाजातील विकृती दोन्ही उघडे पडतात. जोरकस ढोलताशावर चिपची परीक्षा होत नाही. दहा-बारा फेऱ्यांत ओळख पटली नाही, तर दोन्ही चिप त्या यंत्रासाठी समान आहेत असे मानावे आणि स्वस्त असलेली ठेवावी.

नव्या चिपला काही तास ‘मुरवावे’ लागते का?

नाही. चालू केल्यावर काही मिनिटांत तिचे तापमान स्थिरावते, तेवढेच पुरे.

केवळ सपाट, छोट्या आकारात मिळणारी चिप जुन्या यंत्रात लावता येईल का?

येईल, अ‍ॅडॉप्टर बोर्डावर. ओपीए१६१२ सारख्या चिप आठ पायांच्या मोठ्या आकारात मिळतच नाहीत. अ‍ॅडॉप्टर असा निवडावा की त्यावर डिकपलिंग कपॅसिटरची जागा असेल, आणि तयार जोडलेला घेतला तर भिंगाखाली त्याचे जोड तपासावेत.

काढलेली जुनी चिप टाकून द्यावी का?

ती चालू असेल तर काळ्या अँटिस्टॅटिक फोममध्ये खोचून यंत्राच्या झाकणाच्या आत चिकटवून ठेवावी, आणि सोबत बदलाची तारीख, नव्या चिपचा क्रमांक आणि जोडलेल्या कपॅसिटरची धारिता लिहिलेली चिठ्ठी असावी, म्हणजे पुढे यंत्र उघडणाऱ्याला मूळ सर्किट आणि आपला बदल वेगळा ओळखता येईल.